गोळ्या घेऊन बारा दिवस झाले, रक्त थांबत नाही: क्युरेटिंग करायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २७, नागपूरच्या मिहानमध्ये नोकरी, मैत्रिणीसोबत खोली करून राहते. सात आठवड्यांच्या आत, डॉक्टरांकडूनच गर्भपाताच्या गोळ्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी भरपूर रक्त गेलं, गुठळ्या गेल्या, कळा थांबल्या. आज बारावा दिवस. अजून दिवसाला दोन-तीन पॅड लागतात, पण पूर्ण भिजत नाहीत. ताप नाही. घाबरून स्वतःच सोनोग्राफी करून घेतली. रिपोर्टमध्ये गर्भपिशवीचं अस्तर १३ मिलिमीटर आणि 'आत थोडं राहिल्याची शक्यता' असं लिहिलंय. घरी युरिन टेस्ट केली तर दुसरी रेघ फिकट आली. ओळखीतल्या एक काकू म्हणतात, लगेच पिशवी साफ करून घे, नाहीतर पुढे मूल होणार नाही. घरी कोणाला काही माहीत नाही. काय करू?

तुम्ही जेवढं सांगितलंय त्यावरून तरी आज क्युरेटिंगचं काही कारण दिसत नाही. पंधराव्या दिवसाचा फॉलोअप तुमच्या डॉक्टरांनी दिलेलाच असेल, तो तीन दिवसांवर आहे. तोवर थांबा आणि त्या दिवशी नक्की जा. का थांबायचं आणि कशासाठी थांबायचं नाही, ते आता नीट सांगते.

आधी रक्तस्रावाचं. पहिली गोळी, मिफेप्रिस्टोन, गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनचं काम बंद पाडते. नंतरच्या, म्हणजे मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या पिशवीला कळा आणून गर्भ बाहेर टाकतात. त्या घेतल्यावर बहुतेकींना एक ते चार तासांत रक्त सुरू होतं, काही तास पाळीपेक्षा बरंच जास्त जातं, गुठळ्या पडतात. तो दिवस तुमचा पार पडला. त्यानंतर जे चालू राहतं ते पिशवीचं जाड झालेलं अस्तर थोडं थोडं निघून जाणं असतं. सरासरी नऊ ते सोळा दिवस असं काही ना काही जातच राहतं, आणि शंभरातल्या सात-आठ जणींना महिनाभरही थोडं थोडं दिसतं. कधी दोन दिवस कोरडे जातात आणि मग जिना चढल्यावर किंवा गाडीवरून आल्यावर एकदम थोडं लाल येतं. बारा दिवस म्हणजे अगदी मधली गोष्ट आहे. दिवस मोजून काही कळत नाही. पॅड मोजा, आणि रोज कमी होतंय की वाढतंय ते बघा.

आता तो रिपोर्ट. गोळ्यांनंतर सोनोग्राफीला एकच प्रश्न विचारायचा असतो: आधी दिसत होती ती गर्भाची थैली गेली का? गेली असेल तर काम झालं. अस्तर किती मिलिमीटर आहे यावरून क्युरेटिंग ठरत नाही. गोळ्यांनी पूर्ण गर्भपात झालेल्या बाईचं अस्तर ८ असू शकतं, १५ असू शकतं, त्याहून जाडही असू शकतं. दुसऱ्या आठवड्यात आत रक्ताच्या गुठळ्या आणि अस्तराचे तुकडे असणारच, आणि सोनोग्राफी करणारे डॉक्टर जे दिसतं ते लिहिणारच. त्यांची त्यात चूक नाही. अडचण पुढे होते. तो कागद घेऊन बाई दुसऱ्या दवाखान्यात जाते, तिला रक्त किती जातंय, ताप आहे का, पोट दुखतंय का हे कोणी विचारत नाही, 'आत राहिलंय' एवढं वाचलं जातं आणि संध्याकाळी टेबलावर घेतलं जातं. मी हे फार पाहते आणि मला ते पटत नाही. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, तो वाढलेला दिसला की आणखी धावपळ होते. गर्भ होता त्या जागी काही आठवडे रक्तवाहिन्या फुगलेल्या राहतात, आणि बहुतेक वेळा त्या आपोआप बसतात. तिथे घाईने क्युरेट फिरवलं तर थांबत आलेलं रक्त उलट जोरात सुरू होऊ शकतं.

पुढे मूल होण्याबद्दल काकू जे म्हणतात ते उलटं आहे. सरळ पार पडलेल्या गोळ्यांच्या गर्भपाताने पुढच्या गरोदरपणावर परिणाम होत नाही. पिशवीच्या आत चिकटपणा येऊन पाळी आणि गर्भधारणा अडण्याची जी भीती असते, ती प्रामुख्याने धारदार क्युरेटने, आणि त्यातही पुन्हा पुन्हा, खरवडल्यामुळे असते. म्हणून खरोखर पिशवी रिकामी करायची वेळ आलीच तर 'व्हॅक्यूमने करणार का?', म्हणजे न खरवडता आतलं ओढून काढणार का, हे विचारा. जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला तोच आहे, की धारदार क्युरेटिंगची जागा व्हॅक्यूमने घ्यावी. आणि आत थोडं राहिलं असून बाईची तब्येत ठीक असेल तर दोन मार्ग आणखी असतात: मिसोप्रोस्टॉलचा आणखी एक डोस, किंवा नुसती वाट पाहणं. हे तिन्ही पर्याय तुमच्यासमोर ठेवले गेले पाहिजेत.

युरिन टेस्टची फिकट रेघ. सात आठवड्यांच्या सुमारास रक्तातलं गरोदरपणाचं हार्मोन हजारांत असतं, कित्येकींमध्ये ५०,००० च्या वर. औषधाच्या दुकानातली पट्टी साधारण २५ ला रेघ दाखवते. म्हणजे ५०,००० मधले ९९ टक्के उतरले तरी ५०० उरतात आणि रेघ येतेच. चार आठवड्यांच्या आत ही टेस्ट करून फक्त झोप उडते. पहिल्या गोळीपासून चार आठवडे झाल्यावर करा. तेव्हाही रेघ ठळक असेल तर डॉक्टरांकडे जा, मग रक्तातला बीटा एचसीजी, म्हणजे हेच हार्मोन, बघतात, गरज पडली तर दोनदा, आणि तो उतरतोय का हे पाहतात. गोळ्या घेण्याआधीची रक्ताची तपासणी हाताशी असेल तर आठवड्याभरात ८० टक्क्यांहून जास्त घट ही गर्भपात पूर्ण झाल्याची चांगली खूण मानतात. तो जुना कागद फेकू नका.

गोळ्या फसतात का? फसतात, पण क्वचित. नऊ आठवड्यांच्या आत नीट घेतल्या तर शंभरातल्या पंचाण्णव ते अठ्ठ्याण्णव जणींना दुसरं काही करावं लागत नाही. उरलेल्यांत बहुतेकींचा गर्भपात अर्धवट राहतो, आणि गर्भ वाढतच राहिला असं शंभरात एखादीच्या बाबतीत होतं. हे शेवटचं मात्र चुकून चालत नाही, कारण मिसोप्रोस्टॉलने वाढत्या गर्भात व्यंग येऊ शकतं. मळमळ आणि स्तनांचं दुखणं आठवड्यानंतरही जसंच्या तसं, पोट वाढल्यासारखं वाटतंय, आणि रक्त सुरुवातीपासूनच जेमतेम गेलं होतं, असं असेल तर पंधराव्या दिवसाचीही वाट पाहू नका. तुमचं तसं नाही. तुम्हाला भरपूर रक्त गेलं, कळा आल्या आणि थांबल्या. मळमळीचं तुम्ही काही सांगितलेलं नाही. बंद झाली असेल तर ती आणखी एक चांगली खूण.

आता ज्या गोष्टींना रात्री दोन वाजताही उठून जायचं, त्या. जाडे पॅड, तासाला दोन किंवा जास्त, पूर्ण भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय. लिंबाएवढ्या किंवा मोठ्या गुठळ्या पुन्हा पुन्हा पडतायत. उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी येते, हृदय धडधडतं. १०० अंश फॅरनहाइटच्या आसपासचा ताप आणि थंडी मिसोप्रोस्टॉल घेतल्यावर पहिल्या काही तासांत येते, ती औषधाचीच असते. पण गोळ्यांना चोवीस तास उलटून गेल्यावर १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आला, घाण वासाचं जाऊ लागलं, ओटीपोट हात लावू देत नाही, तर ते इन्फेक्शन समजा. ताप नसूनही अचानक फार गळून गेल्यासारखं, सारखी उलटी-जुलाब, काहीतरी बिनसलंय असं आतून वाटणं, हे गोळ्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर असेल तर तेही दाखवायचं. असं इन्फेक्शन फार दुर्मिळ असतं, पण फार वेगाने वाढतं.

आणि एक वेगळीच गोष्ट: गर्भ पिशवीत नसून नळीत असेल तर या गोळ्या त्यावर काम करत नाहीत. एका बाजूला तीव्र दुखणं, खांद्यात कळ, चक्कर, आणि गोळ्या घेऊनही रक्त नाममात्र. तुमच्या डॉक्टरांनी आधी सोनोग्राफीत थैली पिशवीत पाहिली असेल तर ही काळजी मिटते. दुकानातून परस्पर गोळ्या आणणाऱ्या मुलींबद्दल मला जीव खाली-वर होतो तो मुख्यतः याच कारणाने. त्यांना रागवायला मी बसलेले नाही. २०१५ सालच्या एका अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे देशात वर्षभरात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांतले जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. एवढ्या बायका चुकीच्या नसतात, दवाखान्याचं दार त्यांना अवघड वाटतं. पण घेतल्यानंतर तरी या, एवढंच म्हणते.

नागपुरात रात्री जायचं तर मेडिकल, मेयो आणि बायकांचा डागा दवाखाना, तिन्ही सरकारी आहेत. गाडी नसेल तर १०८. तिथे गेल्यावर गोळ्या घेतल्याचं लपवू नका. बऱ्याच जणी 'आपोआप पडलं' असं सांगतात. रक्त थांबवायचे उपचार तेच असतात हे खरं, पण कोणती गोळी, किती आणि कधी हे कळलं तर डॉक्टर नळीतल्या गर्भाचा, इन्फेक्शनचा विचार योग्य क्रमाने करतात. गुप्ततेचं म्हणाल, तर गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर बाईचं नाव-गाव कायद्याने अधिकार नसलेल्या कोणालाही सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंतची कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि वय अठरा पूर्ण असेल तर गर्भपातासाठी तुमची एकटीची सही पुरते. नवऱ्याची, आई-वडिलांची सही कायदा मागत नाही, दवाखान्याचा फॉर्म मागत असला तरी. मैत्रिणीला मात्र सगळं सांगून ठेवा. चक्कर येऊन पडलात तर दार उघडणारं कोणीतरी हवं, हा साधा हिशोब आहे.

दुखण्यासाठी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, जेवून, दिवसातून दोन-तीनदा चालतं. त्याने गोळ्यांचा परिणाम कमी होत नाही. पित्ताचा अल्सर, किडनीचा त्रास किंवा त्यामुळे दमा वाढत असेल तर घेऊ नका. अ‍ॅस्पिरिन नको. पोट शेकायला गरम पाण्याची पिशवी उत्तम. कोणी 'खबरदारी म्हणून' अँटिबायोटिकचा कोर्स दिला तर कशासाठी ते विचारा, इन्फेक्शनची खूण नसताना प्रत्येकीला ते लागत नाही.

खाण्याबद्दल मला रोज विचारलं जातं. पपई खाऊ का, गरम पडेल का, भात बंद करू का, डोक्यावरून पाणी घेऊ का. सगळं खा, रोज आंघोळ करा, केस धुवा. हे बाळंतपण नाही आणि आजारही नाही. सावजीचं तिखट पहिले दोन-चार दिवस सोडा, कारण मिसोप्रोस्टॉलने पोट आधीच बिघडलेलं असतं, बाकी काही नाही. काळजी घ्यायची ती रक्ताची. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्त कमी असल्याचं आढळलं, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणी या बारा दिवसांत आल्या तेव्हाच कमी रक्तावर होत्या. फॉलोअपला हिमोग्लोबिन करून घ्या. लोहाची गोळी दिली तर चहासोबत घेऊ नका, चहा दोन तास लांब ठेवा. संत्र्याचा किंवा लिंबाचा रस सोबत घ्या, आपल्याकडे त्याला तोटा नाही. 'अशक्तपणा आहे, एक सलाईन लावून द्या' ही विदर्भातली आवडती मागणी आहे. बाटलीत पाणी, मीठ आणि साखर असते. ते तुम्ही पेल्यातून पिऊ शकता.

विदर्भाचं म्हणून आणखी एक विचारते: सिकलसेलची, म्हणजे लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली आहे का? आपल्या भागात सिकल बरंच आहे आणि कित्येकींना आपण वाहक आहोत हेही माहीत नसतं. वाहक असाल तर इथे काही फरक पडत नाही. पण सिकलचा आजारच असेल तर रक्त जाणं, पाणी कमी पडणं आणि ताप या तिन्हींनी क्रायसिस, म्हणजे तीव्र दुखण्याचा झटका, येऊ शकतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा तर फारच. अशा मुलीने दिवसभर पाणी पीत राहायचं आणि छातीत दुखलं, दम लागला किंवा हाडं ठणकायला लागली तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. आणि त्यांनी लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करायच्या नाहीत. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या शरीरात लोह आधीच साचलेलं असतं, ते तपासून मग ठरतं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल (पुढच्या बाळाला रक्तगटाचा त्रास होऊ नये म्हणून देतात ते) गोळ्या देतानाच बोलायला हवं होतं. इतक्या लवकरच्या गर्भपातात ते लागत नाही असं जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून म्हणते, पण आपल्याकडे बरेच डॉक्टर अजून देतात. तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते बघा आणि विचारा.

कामावर जायचं तर जा. मेट्रो, गाडी, जिने, काही बंद नाही, थकवा वाटला की बसा. शरीरसंबंधांसाठी ठरावीक तारीख नाही. रक्त जवळजवळ थांबेपर्यंत आणि तुमचं मन असेल तेव्हाच. टॅम्पॉन किंवा कप तोवर बाजूला ठेवा, पॅड वापरले तर किती जातंय हेही कळतं.

इथे सर्वांत जास्त फसगत होते ती सांगते. 'पाळी आल्याशिवाय दिवस जात नाहीत' असं जवळजवळ सगळ्या धरून चालतात. गोळ्यांनंतर बीज आठ-दहा दिवसांतही सुटू शकतं, आणि बहुतेकींचं पहिली पाळी यायच्या आत सुटतंच. तुमच्या बाराव्या दिवशी, रक्त जात असतानाही, तुम्ही पुन्हा गरोदर राहू शकता. म्हणून आज निरोध, आणि फॉलोअपला पुढचं ठरवा. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या लगेच सुरू करता येतात. सरकारी दवाखान्यात 'अंतरा' हे तीन महिन्यांचं इंजेक्शन फुकट मिळतं, सिकलच्या मुलींनाही ते चांगलं चालतं, फक्त त्याने पाळी अनियमित होते हे आधी माहीत असावं. 'छाया' गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा. तांबी बसवायची असेल तर पिशवी रिकामी झाल्याची खात्री झाली आणि इन्फेक्शन नसलं की पंधराव्या दिवशीच्याच भेटीत बसवता येते. मूल न झालेलीला तांबी चालत नाही हा समज सोडून द्या. आणि ७२ तासांची गोळी ही अडीअडचणीची, दर महिन्याची नव्हे.

पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांत येते, पहिली थोडी जास्त किंवा गुठळ्यांची असू शकते. सहा आठवडे उलटूनही आली नाही तर टेस्ट करून दाखवायला या. पुढे मूल हवं असेल तर एक सरळ पाळी येऊ द्या, म्हणजे दिवस मोजायला सोपं जातं, हिमोग्लोबिन भरून काढा आणि महिनाभर आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घ्या.

मनाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते. बहुतेकींना सुटल्यासारखं वाटतं आणि मग तसं वाटल्याचंच अपराधी वाटतं. काहींना दोन-तीन आठवडे कारण नसताना रडू येतं, त्यात हार्मोन झपाट्याने उतरल्याचाही भाग असतो. दोन्ही ठीक आहे. झोप, जेवण, काम सगळंच सुटायला लागलं, किंवा जगू नये असे विचार आले, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

पंधराव्या दिवशी जाताना हे सोबत न्या: गोळ्या कोणत्या तारखेला, किती वाजता घेतल्या याची नोंद, आधीची आणि आत्ताची दोन्ही सोनोग्राफी, रक्तगटाचा कागद, आणि आजपासून रोज किती पॅड लागले याची मोबाइलमधली यादी. डॉक्टरांनी कागद बघण्याआधी ती यादी त्यांच्यापुढे धरा. त्यांनी तरीही क्युरेटिंग सांगितलं तर तीन गोष्टी विचारा: थैली अजून आत आहे का, इन्फेक्शनची खूण आहे का, रक्त धोक्याइतकं जातंय का. तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर आठवडाभराने पुन्हा दाखवते म्हणून सांगा आणि घरी या. एखाद्याचं जरी 'हो' असेल तर मग टाळू नका, व्हॅक्यूमने त्याच दिवशी करून घ्या.